सेमी-ऑटोमॅटिक .२२ रायफलची अचूकता आणि भरवसा कसा वाढवावा?

तुम्ही विचारलंय की .२२ सेमी-ऑटोमॅटिक ५० मीटरवर गोळ्या विखुरते, मध्येच काडतूसही अडकतं, तर नवी बॅरल, म्हणजे नळी, घ्यावी की ट्रिगर बदलावा. माझ्या मते आत्ता दोन्ही नको. तेच पैसे आधी वेगवेगळ्या काडतुसांवर घाला.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. शिशाची गोळी, तिच्यावर मेणासारख्या वंगणाचा थर आणि पेटवणारं मिश्रण बुडाच्या काठात पसरलेलं, ही रचना आजही तशीच आहे. काठाची जाडी, मिश्रण, दारू यांत किंचित फरक पडला तरी गोळीचा वेग बदलतो. शिवाय एका रायफलला मानवलेलं काडतूस त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रायफलला मानवेलच असं नाही. म्हणून चार-पाच प्रकार आणा आणि त्यात स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे, म्हणजे सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाचे, दोन-तीन तरी असू द्या. हाय व्हेलॉसिटीची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत झपाट्याने मंदावते, त्यामुळे वारा तिला जास्त ढकलतो. प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका. नळीत आधीच्या काडतुसाचं वंगण असतं. मग रायफल रेस्टवर, म्हणजे टेकूवर, ठेवून दहा-दहाचे ग्रुप काढा, म्हणजे एकाच नेमावर दहा गोळ्या झाडून त्या किती जवळजवळ बसतात ते पाहा. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप कुणाचाही येतो, त्यावर विसंबू नका.

आता अडकण्याचं. या रायफलींमध्ये बोल्टला, म्हणजे काडतुसामागे पुढे-मागे सरकणाऱ्या ठोकळ्याला, लॉक नसतो. त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं चालतं. मंद काडतूस बोल्टला जेमतेम मागे रेटतं, आणि आत काजळी साचली असेल तर तेवढंही जमत नाही. अचूक काडतूस भरवशाने चालवायचं असेल तर रायफल स्वच्छच हवी. लोक नळी घासत बसतात आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, विसरतात. बॅटरी मारून पाहा, चेंबरच्या पुढच्या टोकाला काजळी आणि वंगणाचं काळं, कडक कडं दिसेल. सॉल्व्हंट लावून कांस्याचा ब्रश तिथे गोल फिरवा. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढणाऱ्या आकड्याच्या, नखाखालचा मळ टूथपिकने काढा. बोल्टला तेलाचा पातळ हात पुरे, चेंबर मात्र कोरडं हवं. रुगर १०/२२ सारख्या रायफलीचा रिसिव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो भाग, मागून बंद असतो, त्यामुळे लोक तोंडाकडून रॉड घालतात आणि नळीच्या तोंडाची कडा खराब होते. तिथे ओढदोरी, म्हणजे नळी साफ करायची दोरी, चेंबरकडून घालून पुढे ओढा.

अडकलेलं काडतूस लगेच झटकून टाकू नका, आधी बघा. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या फटीत उभी सापडली तर बोल्टला जोर कमी पडतोय किंवा एक्स्ट्रॅक्टर नीट धरत नाही. भरलेलं काडतूस चेंबरच्या काठावर आपटून त्याचं नाक चेपलेलं दिसलं तर संशय मॅगझिनवर, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीवर, घ्या. मॅगझिनांवर मार्करने आकडे घाला. बहुतेक वेळा एकच मॅगझिन सगळा त्रास देत असतं.

स्कोपच्या माउंटचे आणि स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू टॉर्क रेंचने, दरवेळी सारखेच आवळा. स्टॉकचा स्क्रू सैल पडला की गोळीची जागा सरकते आणि दोष बॅरलला जातो.

एवढं करूनही ग्रुप मोठाच राहिला तर बॅरल बदला, पण शुद्ध मॅच चेंबर, म्हणजे स्पर्धेसाठीचं घट्ट मापाचं चेंबर, घेऊ नका. त्यात गोळी नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये रुतते, आणि न उडवलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीत राहून दारू आत सांडू शकते. सेमी-ऑटोसाठी बेंट्झ चेंबर हा मॅच आणि साध्या चेंबरमधला मार्ग आहे. ट्रिगर सर्वात शेवटी.

आणि एखाद्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबा. नळी सुरक्षित दिशेला ठेवून थोडा वेळ जाऊ द्या, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा आणि नळीत गोळी अडकलेली नाही ना हे तपासल्याशिवाय पुढचं काडतूस भरू नका.