वाचकांचे प्रश्न : सांडपाणी केंद्राचा करार वाचताना

प्रश्न : आमच्या पालिकेने सांडपाणी प्रक्रिया केंद्र खासगी भागीदाराकडून बांधून १५ वर्षे चालवून घ्यायचे ठरवले आहे. मसुद्यात बांधकामाचा तपशील भरपूर आहे, चालवण्याबद्दल जेमतेम दीड पान. एवढे पुरे का?

उत्तर : नाही. अशी केंद्रे उभी राहतात, पण पुढे अनेकदा नीट चालत नाहीत. आधी पैसे कधी द्यायचे ते पाहा. गंगेकाठच्या केंद्रांसाठी वापरलेल्या हायब्रीड अॅन्युइटी पद्धतीत भांडवली खर्चाचे ४० टक्के बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात, उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत व्याजासह हप्त्यांनी. हलके पंप बसवून मोकळे होणे मग भागीदारालाच महाग पडते.

हप्ता कशावरून कापणार, हे खरे कलम. बीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो, त्याचे माप) मर्यादा बहुतेक मसुद्यांत असते. नमुना कोण, कसा घेणार हे नसते. सकाळी भरलेल्या एका बाटलीवरून दिवसभराचे पाणी कळत नाही. दर तासाला प्रवाहाच्या प्रमाणात पाणी घेऊन २४ तासांचा मिश्र नमुना करावा, तो त्रयस्थ प्रयोगशाळेत जावा आणि तिचे बिल पालिकेने भरावे. भागीदार बिल भरू लागला की अहवालावरचा विश्वास उडतो.

सर्वाधिक भांडणे मात्र येणाऱ्या पाण्यावरून होतात. समजा केंद्र २० एमएलडीचे (रोज २० दशलक्ष लिटरचे) आहे आणि घरजोडण्या रखडल्याने येते ८. करारात २० ची हमी दिलेली असेल, तर न आलेल्या १२ एमएलडीचेही पैसे पालिकाच भरते. वर, वायुवीजन टाकीतले (जिथे पाण्यात हवा सोडतात) घाण खाणारे जिवाणू उपाशी राहतात, गाळ नीट बसत नाही. म्हणून निविदेआधी नाल्यांचा प्रवाह उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात निदान आठवडाभर मोजा, २० चे एकच युनिट न बांधता १० ची दोन मागा, आणि घरजोडण्या कोण, कधीपर्यंत करणार ते तारखेसह लिहून घ्या. विजेबाबत, दर दशलक्ष लिटरमागे किती युनिट लागतील याची हमी भागीदाराची. वीजदर वाढला तर तो बोजा पालिकेचा.

प्रश्न : मुदत जास्त दिली तर बोली स्वस्त येईल ना?

उत्तर : येईल, पण हात बांधले जातात. शिकागोने २००८ मध्ये सुमारे ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी १.१५ अब्ज डॉलरला खासगी कंपनीला दिले. आता तिथे शहराने मीटरच्या जागा बंद ठेवल्या की भरपाई द्यावी लागते. मुदत यंत्रांच्या आयुष्याला धरून ठेवा. ती संपण्याच्या दोन वर्षे आधी संयुक्त तपासणी करा आणि दुरुस्तीची रक्कम शेवटच्या हप्त्यांतून राखून ठेवा, नाहीतर टाकीत हवा सोडणारे झिजलेले ब्लोअर आणि गाळाने भरलेल्या टाक्या पालिकेच्या गळ्यात पडतात.