फिनायटॉइनची पातळी कमी आली, तरी डोस का वाढवला नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांना फिटसाठी फिनायटॉइन चालू आहे. रक्तातली पातळी ८ आली, लॅबने पुढे 'लो' छापलं. अल्ब्युमिनही २ च आहे. डॉक्टर म्हणाले, "अल्ब्युमिन कमी आहे म्हणून असं दिसतंय, गोळी तेवढीच राहू द्या." रक्तातल्या प्रथिनाचा आणि फिटच्या गोळीचा काय संबंध, आणि डोस न वाढवल्याने पुन्हा फिट येणार नाही ना, ही तुमची काळजी.

मी फार्मासिस्ट आहे, सांगलीत राहते. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. हे इतक्या ठामपणे का सांगते, त्याला घरचं कारण आहे, ते पुढे येईलच.

फिनायटॉइन रक्तात गेलं की त्यातलं साधारण ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून बसतं. चिकटलेलं औषध मेंदूत शिरत नाही आणि लिव्हरलाही सहज सापडत नाही. काम करतं ते उरलेलं १० टक्के मोकळं औषध. लॅब मात्र बांधलेलं आणि मोकळं दोन्ही एकत्र मोजते. रिपोर्टावर मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम अशी जी मर्यादा छापलेली असते ती या एकत्र आकड्याची, आणि तीही अल्ब्युमिन चांगलं असलेल्या माणसाची. मोकळ्या औषधाची मर्यादा १ ते २ आहे.

आमच्याकडे हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची. आत हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. पेवातली हळद मालकाच्या हिशोबात असते, पण विकली जाते ती वर काढलेली. अल्ब्युमिन म्हणजे औषधाचं पेव. फरक एवढाच की हे पेव सतत उघडं असतं. औषध चिकटतं आणि सुटतं, पुन्हा चिकटतं, हे क्षणाक्षणाला चालू असतं. मोकळं थोडं कमी झालं की बांधलेल्यातलं थोडं सुटून बाहेर येतं.

एम. फार्म.ला असताना हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सेलोफेनची भिजवलेली नळी, एक टोक दोऱ्याने आवळून बांधायचं, आत अल्ब्युमिनचं द्रावण, बाहेर औषधाचं. अल्ब्युमिनची पावडर घाईने ढवळली की नुसता फेस होतो. ती पाण्यावर भुरभुरून आपोआप भिजेपर्यंत थांबावं लागतं. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. अल्ब्युमिनचा रेणू मोठा, तो नळीबाहेर येत नाही. औषध लहान, ते ये-जा करतं. सकाळी मोजलं की आत औषध जास्त निघायचं, कारण आत मोकळं तर होतंच, वर चिकटलेलंही होतं. बाहेर जेवढं उरलं तेवढंच मोकळं. मोकळं औषध आत आणि बाहेर सारखंच असतं, हे मला त्या दिवशी खरं कळलं.

आता वडिलांकडे या. अल्ब्युमिन निम्म्यावर आलं म्हणजे पेवं निम्मी झाली. मग मोकळं औषध खूप वाढायला हवं, असं वाटेल. थोडा वेळ वाढतंही. पण मोकळं औषध लिव्हरच्या हाती लागतं आणि ते त्याची विल्हेवाट लावतं. लिव्हरचं हे काम नीट चालू असेल तर काही दिवसांत मोकळं औषध जवळजवळ पहिल्या जागी येतं. कमी होऊन राहतो तो एकत्र आकडा. पेवात माल कमी, बाजारात तेवढाच.

यासाठी शायनर-टोझर नावाचं सूत्र वापरतात. अल्ब्युमिनला (ग्रॅम प्रति डेसिलिटरमधल्या आकड्याला) ०.२ ने गुणायचं, त्यात ०.१ मिळवायचं, आणि रिपोर्टातल्या पातळीला त्याने भागायचं. तुमच्या वडिलांचं: २ गुणिले ०.२ म्हणजे ०.४, अधिक ०.१ म्हणजे ०.५. आठ भागिले ०.५, उत्तर १६. म्हणजे त्यांचं अल्ब्युमिन चांगलं असतं तर रिपोर्टात १६ च्या आसपास आलं असतं, आणि तुम्ही निश्चिंत झाला असता. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. किडनी फारच निकामी असेल तर हे सूत्र असंच वापरत नाहीत, कारण साचलेली द्रव्यं औषधाला अल्ब्युमिनवर नीट बसूच देत नाहीत. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध चालू असेल तरीही हिशोब चुकतो. ते फिनायटॉइनला अल्ब्युमिनवरून हटवतं आणि लिव्हरमधलं त्याचं विघटनही अडवतं.

आता घरचं. माझी आत्या हरिपूरला असते. तिच्या लघवीतून प्रथिन जायचं, पायांवर सूज असायची. तिलाही फिनायटॉइन चालू होतं. पातळी ७ आली आणि एका दवाखान्यात गोळी ३०० ची ४०० मिलिग्रॅम केली. अल्ब्युमिन कुणी पाहिलंच नाही. मीही नाही. तीन आठवड्यांनी भेटायला गेले तर तिला कपातला चहा बशीत ओतता येईना, धार बशीच्या बाहेर जायची. उंबऱ्यावर झोक जायचा. बाजूला बघ म्हटलं की बुबुळं थरथरायची. पुन्हा रक्त तपासलं, पातळी १२. कागदावर एकदम 'नॉर्मल'. मिरजेच्या एका डॉक्टरांनी आधी अल्ब्युमिन मागवलं: १.८. सूत्रात घातलं तर ७ चे १५ होते, म्हणजे मुळातच ठीक होतं, आणि १२ चे २६ झाले होते. फिनायटॉइनचं हेही ध्यानात असू द्या: लिव्हरची क्षमता संपत आली की गोळी थोडी वाढवली तरी पातळी उडी मारते. डोस एक तृतीयांशाने वाढला होता, पातळी पावणेदोन पट.

डोस पुन्हा ३०० वर आणल्यावरही चाल सुधारायला आठवड्याहून जास्त लागला. त्या दिवसांत ती भिंत धरून न्हाणीघरात जायची, ते मी विसरलेले नाही.

एका गोष्टीची मात्र उगाच धास्ती घेऊ नका. 'दोन औषधं एकत्र घेतली की एक दुसऱ्याला प्रथिनावरून ढकलतं आणि विषबाधा होते' असं आम्हाला कॉलेजात शिकवलं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि वेदनाशामक फिनिलब्युटाझोन यांचं उदाहरण देऊन. पुढे लक्षात आलं की तिथे खरा दोष लिव्हरमधलं विघटन अडण्याचा होता. सुटलेलं औषध शरीर बहुतेक वेळा बाहेर काढतं. नवजात बाळांचं तसं नाही: सल्फा औषधांनी अल्ब्युमिनवरचं बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) सुटून मेंदूत जाण्याचा धोका असतो, म्हणून तिथे ती टाळतात.

तुम्ही एवढं करा. गोळी स्वतःहून वाढवू नका, बंदही करू नका. मोठ्या लॅबमध्ये 'फ्री फिनायटॉइन' होत असेल तर डॉक्टरांना विचारून तेच करून घ्या. होत नसेल तर पुढच्या वेळी पातळी, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांसाठी रक्त एकाच दिवशी, सकाळच्या गोळीआधी द्या. वडील सरळ रेषेत चालतात का, बोलताना जीभ जड होते का, हे रोज बघा आणि फिट आली तर तारीख लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना अल्ब्युमिनचा कागद पातळीच्या कागदालाच टाचून न्या.