कायदा ‘रद्द’ नव्हे, डावललेला

प्रश्न असा आला आहे: आरोपीने कृत्य केल्याची खात्री पटूनही, कायदाच अन्यायाचा वाटतो म्हणून ज्यूरी (आरोपी दोषी की निर्दोष एवढे ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी) त्याला दोषी ठरवत नाही, याला इंग्रजीत ‘ज्यूरी नलिफिकेशन’ म्हणतात, त्यासाठी मराठीत ‘ज्यूरीने कायदा रद्द करणे’ म्हणावे, की एका वकील स्नेह्यांनी सुचवलेले ‘शून्यीकरण’ बरे?

दोन्ही नकोत. कायदा रद्द करते ते विधिमंडळ. ज्यूरीने एकाला सोडले तरी तोच कायदा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आरोपीला पूर्ववत लागू असतो. ‘शून्यीकरण’ हा शब्द ऐकून न्यायालयापेक्षा अंकगणिताचा तास आठवतो, हे वकीलसाहेबांनी मनावर घेऊ नये. पुरावा अपुरा वाटला म्हणून सोडणे ही या प्रकारात बसणारी गोष्ट नव्हे, आणि ज्यूरीत एकमत न होणे हीदेखील नव्हे.

मला खरा राग येतो तो ‘ज्यूरीचा निकाल’ या प्रयोगाचा. निकाल न्यायाधीशाचा, कारणांसहित. ज्यूरीचा असतो तो कौल. इंग्रजी ‘व्हर्डिक्ट’ म्हणजे लॅटिनमधून आलेले ‘खरे बोलणे’; त्यातला ‘डिक्ट’ आपल्या ‘दिश्’ धातूचा सख्खा भाऊ, म्हणून त्यात दिशा दाखवणेही आहे. ‘कौल’ हा शब्द अरबी, अर्थ पुन्हा ‘बोल’, ‘वचन’. राज्यकर्ता रयतेला अभयाचे वचन देई तोही कौल, आणि देव उजवा किंवा डावा देतो तोही कौल. (छपरावरच्या कौलाला कृपा करून यात ओढू नये.) देव कौल देतो, कारणे देत नाही, ज्यूरीही ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढेच बोलते आणि कारण विचारण्याची सोय नसते. कायदा डावलण्याची सारी शक्ती या कारण न देण्यातच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1895 मध्ये, न्यायाधीशाने सांगितलेला कायदा मानणे हे ज्यूरीचे कर्तव्य आहे असे बजावले; तरीही निर्दोषत्वाच्या कौलावर तिथे सरकारला अपील करता येत नाही. कारणे कळत नाहीत म्हणूनच, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्यावरच्या नानावटी खटल्यातला 1959 चा, निर्दोष ठरवणारा आठ विरुद्ध एक हा कौल या प्रकाराचा नमुना म्हणून बिनदिक्कत सांगणाऱ्यांना मी विचारतो की, ज्यूरीने कायदा डावलला की बचावपक्षाचे म्हणणे खरे मानले, हे त्यांना कोणी सांगितले? शिवाय तो कौल टिकलाच नाही. सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे आरोपी दोषी ठरला.

शब्दावर अडून बसणाऱ्या ज्यूरीचे उदाहरण हवे असेल, तर ते 1670 च्या लंडनमधले घ्यावे. विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर रस्त्यात प्रवचन करून बेकायदा जमाव जमवल्याचा आरोप होता. ज्यूरीने पेन यांना ‘ग्रेसचर्च स्ट्रीटमध्ये बोलल्याबद्दल दोषी’ ठरवले आणि तिथेच थांबली. ‘बेकायदा जमाव’ हे शब्द पुढे जोडावेत म्हणून तिला अन्नपाण्याविना कोंडण्यात आले, पण ते दोन शब्द काही तिने जोडले नाहीत. अखेर तिने दोघांनाही निर्दोष म्हटले, तेव्हा ज्यूरीच्याच सदस्यांना दंड झाला आणि तो न भरणाऱ्या एडवर्ड बुशेल यांना तुरुंगात टाकले गेले. न्यायमूर्ती जॉन व्हॉन यांनी त्यांची सुटका करताना, कौलाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित केले.

ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवण्याच्या अशाच एका सवयीला ‘पुण्यशील खोटी शपथ’ म्हटले होते: उदाहरणार्थ, घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरणाऱ्याला फाशी होती, म्हणून ज्यूरी चोरीचा माल एकोणचाळीस शिलिंगांचाच ठरवत असे. इंग्रजीत ‘ज्यूरी’ आणि ‘पर्जुरी’ (खोटी शपथ) हे दोन्ही शब्द ‘शपथ घेणे’ या एकाच लॅटिन क्रियापदातून निघाले आहेत, हे लक्षात घेतले की त्या शेऱ्याची गंमत दुप्पट होते.

प्रश्न राहूनच जात होता. माझे उत्तर: ‘कायदा डावलून दिलेला कौल’. ‘डावलणे’ हे ‘डावा’पासूनच आले, डाव्या हाताला टाकून पुढे जाणे, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी कोणा वकिलासाठी सोडणार नाही. कायद्याला डावा, आरोपीला उजवा.