सासूबाई हात उगारतात, काय करू?

प्रश्न: ताई, माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. काचबिंदूने एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्याने फक्त उजेड-अंधार कळतो, त्यात कानानेही फार कमी ऐकू येतं. कानाचं मशीन घेतलंय पण "नुसता गोंगाट होतो" म्हणून ते कपाटात पडून आहे. आंघोळीला उठवायला गेले की दचकतात, कधी कधी हात उगारतात. महिनाभर झालं म्हणतायत की अंगणात रंगीत कपड्यातली पोरं खेळतायत. नणंद म्हणते डोक्यावर परिणाम झालाय. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय.
– एक सून, कराड

उत्तर: अगं आधी ओरडणं बंद कर. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बारीक पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ असली अक्षरं, त्यामुळे तू ओरडलीस की नुसता आवाज मोठा होतो, शब्द काही कळत नाही, वर त्यांना वाटतं सून सारखी चिडलेलीच असते. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्याच्याजवळ बस, खालच्या पट्टीत, सावकाश, एका वेळी एकच गोष्ट सांग. टीव्ही बंद करून हं.

आणि हात उगारतात त्याचं म्हणशील तर तू डोळे मिट, कानात बोळे घाल आणि कुणीतरी न सांगता दंडाला धरून ओढलं तर काय करशील ते बघ. मी तीस वर्षं वॉर्डात काढली, सुरुवातीला असे दोनचार फटके मीही खाल्लेत आणि चूक माझीच होती. आधी त्यांच्या मनगटावर हात ठेवायचा आणि थांबायचं, मग त्यांचा हात उचलून आपल्या बांगड्यांवर ठेवायचा. रोज हेच, बदलायचं नाही. बांगड्या लागल्या की सून आली, तुझ्या नवऱ्याने घड्याळाचा पट्टा हाताला लावायचा. मग हातात टॉवेल दिला की आंघोळ, वाटी दिली की जेवण. आठवडा-दोन आठवडे जातील यात, धीर धर. चालवताना ढकलायचं नाही, त्यांनी तुझ्या कोपराला धरायचं आणि तू अर्धं पाऊल पुढे. पलंग, पाण्याचा तांब्या, काठी यांची जागा कुणीच हलवायची नाही, पाहुण्यांनी तर नाहीच.

पोरं दिसतात त्याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात, नजर गेली की मेंदू आपली आपणच चित्रं तयार करतो. १७६० मध्ये जिनिव्हाच्या चार्ल्स बॉने नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशाच गोष्टी लिहून ठेवल्या होत्या, आजोबा डोक्याने अगदी ठणठणीत! तरी डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि एकदम बडबड सुरू झाली, ताप आला, दिवस-रात्रीचं भान गेलं तर मात्र त्याच दिवशी दाखव, म्हातारपणी लघवीच्या इन्फेक्शननेही असं होतं. नणंदेला हे वाचायला दे.

मशीनचं. आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घे, गरम तेल घालू नकोस, आणि मग ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्यांकडून, परत सेट करून आण, जुन्या सेटिंगवर गोंगाटच होणार. सुरुवातीला दिवसातून तासभर, तेही शांत खोलीत. मशीनचे सेल घेताना जुन्या पाकिटातल्या सेलच्या स्टिकरचा रंग बघून घे, केशरी म्हणजे १३ नंबर, चॉकलेटी म्हणजे ३१२. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू दे मग बसव. आंघोळीला आणि झोपताना काढून एकाच डबीत ठेवायचं, आमच्याकडे एका आजोबांचं मशीन चादरीबरोबर लाँड्रीत गेलं होतं, मिळालं पण धुऊन!

डोळ्याचे थेंब मात्र चुकवू नकोस, गेलेली नजर परत येत नाही पण उरलेला उजेड टिकवायचाय. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ देत. आणि थेंब घालायच्या आधीही बांगड्या.