मॅरिसच्या नावापुढचे शून्य

प्रश्न : माझी नात शाळेच्या संघातून बेसबॉल खेळते, त्यामुळे मलाही जुन्या आकडेवारीचा नाद लागला आहे. १९६१ च्या न्यूयॉर्क यांकीज संघाच्या तक्त्यात रॉजर मॅरिसच्या नावापुढे ६१ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) आणि इंटेन्शनल वॉक मात्र शून्य दिसतात. ही छपाईची चूक असावी का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : चूक नाही. क्रिकेटमध्ये जम बसलेल्या फलंदाजाला एक धाव सहज काढू द्यायची आणि अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूला स्ट्राइकवर आणायचे, ही युक्ती आपण गोल्फ क्लब मैदानावर अनेकदा पाहिली असेल. इंटेन्शनल वॉकमागचा हिशेब तोच आहे : मुद्दाम चार चेंडू आवाक्याबाहेर टाकून समोरच्या फलंदाजाला पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) फुकट द्यायचा, कारण त्याच्यानंतर येणारा त्याच्यापेक्षा सोपा वाटतो. १९६१ मध्ये हंगामाच्या बहुतांश काळात मॅरिसनंतर फलंदाजीला येत होता मिकी मँटल, ज्याने त्या वर्षी ५४ होम रन मारले. मॅरिसला बेस देऊन मँटलला सामोरे जाण्यापेक्षा मॅरिसशीच झुंजलेले बरे, असे प्रतिस्पर्ध्यांना वाटले, तर नवल नाही. खुद्द मँटलला मात्र त्या हंगामात ९ इंटेन्शनल वॉक मिळाले.

याचा पडताळा पुढच्याच वर्षी मिळाला. मे १९६२ मध्ये मँटल दुखापतीमुळे संघाबाहेर गेला आणि काही दिवसांतच, २२ मे रोजी, लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्ध १२ इनिंगपर्यंत लांबलेल्या सामन्यात मॅरिसला एकट्याला चार इंटेन्शनल वॉक देण्यात आले. माणूस तोच होता. पाठीमागचा आधार तेवढा गेला होता.

तरीही या शून्याचा अर्थ पिचर (चेंडू टाकणारे) मॅरिसला बेधडक चेंडू टाकत होते, असा घेऊ नये. १९६१ मध्ये त्याला एकूण ९४ वॉक, म्हणजे चार चेंडू बाहेर गेल्याने फुकट मिळणारे पहिले बेस, मिळाले. पिचर भीतीपोटी चेंडू बाहेर-बाहेर टाकत राहिला आणि त्यातून वॉक झाला, तर त्याची नोंद साध्या वॉकमध्ये होते. शेवटचा चेंडू उघडपणे, कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) चौकटीबाहेर टाकला असेल तरच स्कोअरर त्याला ‘इंटेन्शनल’ म्हणत असे. (अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०१७ पासून इंटेन्शनल वॉकसाठी ते चार चेंडू टाकावेही लागत नाहीत, मॅनेजरची खूण पुरते. आमच्या मते त्यात थोडी गंमत हरवली.)

याहून जुन्या संघांचे तक्ते पाहताना मात्र सावध राहावे. इंटेन्शनल वॉकची अधिकृत नोंद १९५५ पासूनच सुरू झाली. १९२३ मध्ये यांकीजच्याच बेब रूथला मिळालेल्या १७० वॉकपैकी मुद्दाम दिलेले किती, याचा अधिकृत आकडा म्हणूनच मिळत नाही. त्या काळातील रकाना रिकामा दिसला, तर तेथे शून्य वाचू नये.