ठाण्यात राहतो, पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) करायचंय. ड्रोन इतके वाढलेत, छोटं विमान चालवणाऱ्याला त्याचा खरंच धोका आहे का?

आहे, पण बहुतेकांना वाटतो तिथे नाही. वर, क्रूझला (उंचीवरच्या सरळ उड्डाणात), ड्रोन भेटण्याची शक्यता कमीच. ड्रोनची मोकळी हद्द जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. विमानाने मोकळ्या भागावर ५०० फुटांच्या खाली जायचं नाही आणि दाट वस्तीवर आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही १,००० फूट वर राहायचं. पण हा नियम टेकऑफ-लँडिंगला लागू नाही, आणि गडबड होते ती तिथेच.

हिशेब सोपा आहे. ३ अंशांच्या उतारावर विमान दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर खाली येतं. धावपट्टी सव्वादोन किलोमीटरवर असताना ते ४०० फुटांच्या आसपास असतं. १० ऑगस्ट २०२१ रोजी कॅनडात बटनविल विमानतळाजवळ नेमकं हेच झालं. फायनलवरच्या (उतरण्याआधी धावपट्टीच्या सरळ रेषेत आलेल्या) सेसना १७२ या छोट्या विमानाची पोलिसांच्या ड्रोनशी टक्कर झाली. ड्रोन ४०० फुटांवर एका जागी तरंगत होता, धावपट्टी १.२ नॉटिकल मैलांवर, म्हणजे साधारण सव्वादोन किलोमीटरवर. विमानात प्रशिक्षक होता, विद्यार्थी होता. हादरा बसला तेव्हा दोघांना वाटलं पक्षी असेल. सुखरूप उतरल्यावर पाहिलं तर इंजिनाच्या काउलिंगला (वरच्या पत्र्याच्या आवरणाला) पोचा आलेला आणि प्रोपेलरलाही मार बसलेला.

‘समोर दिसेल की’ या भरवशावर राहू नका. ३५ सेंटिमीटरचा ड्रोन ३०० मीटरवर ठिपक्याएवढा दिसतो आणि १०० नॉटला (ताशी साधारण १८५ किलोमीटर) ते अंतर सहा सेकंदांत संपतं. बघणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान वळणं याला मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात असं धरतात. त्यात टकरीच्या मार्गावरची वस्तू काचेवर सरकतच नाही, एका जागी राहून फक्त मोठी होते; आणि आपला डोळा हालचाल टिपायला सरावलेला.

दुसरी भानगड उंची मोजण्याची. विमानाचा अल्टिमीटर (उंचीमापक) क्यूएनएचवर, म्हणजे त्या भागातल्या समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबावर लावला की, समुद्रसपाटीपासून उंची दाखवतो. ड्रोनचं ॲप दाखवतं ते उड्डाण केलेल्या जागेपासून. समजा कोणी पारसिकच्या डोंगरमाथ्यावरून (परवानगीचा विषय क्षणभर बाजूला ठेवू) ड्रोन सोडून खाडीकडे नेला. माथा १५० मीटर धरला, तर ॲपवर ‘१२०’ दिसत असताना ड्रोन खाडीवर २७० मीटरला, म्हणजे जवळपास ९०० फुटांवर असतो. उडवणाऱ्याला वाटतं आपण नियमात आहोत. माझ्या मते मुद्दाम नियम मोडणाऱ्यांपेक्षा हे बिचारे जास्त धोक्याचे.

नवी मुंबई विमानतळामुळे आपल्याकडचा नकाशाही बदललाय. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच मोकळीक, त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. उलवे तर विमानतळाला खेटूनच. जुन्या आठवणीवर ‘खारघरला चालतं’ म्हणणाऱ्याने आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडावा. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण झोनचे नियम त्यालाही लागू आहेत. पोलिसांचे तात्पुरते बंदी आदेश निघतात ते वेगळेच.

तुमच्या बाजूने करण्यासारखं: उड्डाणाआधी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचा आणि त्यात ड्रोन किंवा यूएएस (ड्रोनचंच दुसरं नाव) शब्द दिसला तर जागा व उंची चार्टवर खुणेने मांडा. सर्किटला (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्याला) त्याच्या ठरलेल्या उंचीवरच जॉइन व्हा. लांबून, खालून ओढत आणलेली फायनल टाळा; तीन किलोमीटर ४०० फुटांवर रेंगाळणं म्हणजे ड्रोनच्याच थरात फिरणं. लँडिंग लाइट दिवसाही चालू ठेवा, म्हणजे निदान ड्रोनवाल्याला तुम्ही दिसाल. तुमचा मित्र ड्रोन उडवत असेल तर त्याला एवढंच सांगा: इंजिनाचा आवाज आला की बाजूला पळवू नको, सरळ खाली घे.

ड्रोन दिसला तर एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) लगेच वेळ, ठिकाण, तुमची उंची आणि तो वर होता की खाली ते सांगा, रंग-आकार नंतर. ठोकर लागल्याची शंका आली तर ‘पक्षी असेल’ म्हणून पुढचा सर्किट मारू नका. पक्ष्याचं शरीर मऊ असतं. ड्रोनची मोटर आणि बॅटरी टणक, त्यामुळे पत्र्यावर छोटा पोचा दिसला तरी आतला भाग वाकलेला असू शकतो. उतरा, इंजिन बंद करा आणि इंजिनिअरने प्रोपेलर, काउलिंग, एअरबॉक्स (इंजिनात हवा नेणारी पेटी) आणि पंखाची पुढची कड तपासल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवू नका.