रेकॉर्ड आहे पण फाइल नाही: नेक्स्टक्लाउडमध्ये स्कॅन चालवण्याआधी

तुमची अडचण मला समजली ती अशी. नेक्स्टक्लाउडचा (स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवून वाटण्याची प्रणाली) डेटा ज्या स्टोरेज सर्व्हरवर होता, त्याच्या रेड-५ मधली (एक डिस्क गेली तरी चालणारा डिस्कचा संच) एक डिस्क गेली आणि रीबिल्ड चालू असतानाच दुसरीही गेली. ११ दिवसांपूर्वीचा बॅकअप तुम्ही नव्या मशिनवर उतरवला. डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर होता म्हणून तो आजपर्यंतचा आहे. त्यामुळे यादीत फाइली दिसतात, पण उघडत नाहीत. सगळ्या युजर्ससाठी ‘फाइल्स स्कॅन’ ही कमांड चालवून हे रिकामे रेकॉर्ड काढून टाकायचे का, असं तुम्ही विचारलंय.

आज नको. ही कमांड दुरुस्त काहीच करत नाही. डिस्कवर जे सापडत नाही त्याचा रेकॉर्ड ती फाइलकॅश टेबलमधून (डेटाबेसमधली फाइलींची यादी) काढून टाकते. त्या रेकॉर्डचा जो फाइल आयडी असतो, त्यालाच शेअर, टॅग, कॉमेंट हे सगळं बांधलेलं असतं. आठवड्याने ती फाइल कुणाकडे सापडली आणि तुम्ही जागेवर ठेवली तरी तिला नवा आयडी मिळेल. जुने शेअर तोवर अनाथ ठरून बॅकग्राउंड जॉबमध्ये साफ झालेले असतील.

याहून मोठा धोका लोकांच्या लॅपटॉपवर आहे. एका संस्थेत मी हीच चूक केली होती. संध्याकाळी स्कॅन चालवला आणि यादी स्वच्छ दिसली म्हणून समाधानाने घरी गेलो. सकाळी तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमनी लॅपटॉप सुरू केला. सिंक क्लायंटने (लॅपटॉप आणि सर्व्हरवरच्या फाइली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) पाहिलं की सर्व्हरवर या फाइली नाहीत, म्हणून त्याने त्यांच्याकडच्याही काढून टाकल्या. त्या दहा दिवसांच्या व्हाउचर्सची जगातली एकमेव प्रत त्या लॅपटॉपवर होती. ते मला अजून टोचतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

तेव्हा आधी मेंटेनन्स मोड लावा, म्हणजे युजर्सचा वापर थांबेल, आणि डेटाबेसचा पूर्ण डंप (प्रत) घेऊन दुसऱ्या मशिनवर ठेवा. मग प्रत्येकाला सांगा की सिंकचा फोल्डर आहे तसा पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या जागी कॉपी करा. विंडोजवर ‘व्हर्च्युअल फाइल्स’ चालू असतील तर फोल्डरमध्ये नाव दिसतं पण फाइल आतून रिकामी असते, हे तपासायला विसरू नका.

आता दोन याद्या काढा. एक फाइलकॅश आणि स्टोरेजेस ही टेबलं जोडून: कोणत्या युजरची, पाथ, साइज, बदलाची वेळ. त्यातून फोल्डर वगळा. दुसरी नव्या डिस्कवर ‘फाइंड’ ही फाइली शोधणारी कमांड चालवून. दोन्ही एकाच लोकॅलने (भाषेच्या सेटिंगने) सॉर्ट करा, नाहीतर देवनागरी नावं वेगवेगळ्या क्रमाने लागतात आणि तुलना फसते. रेकॉर्ड आणि फाइल दोन्ही आहेत, नुसता रेकॉर्ड आहे, नुसती फाइल आहे, असे तीन गठ्ठे पडतील.

मराठी नावांसाठी इथे जरा थांबायला हवं. समजा ‘वऱ्हाड दौरा’ नावाची पीडीएफ पहिल्या यादीत हरवलेली दिसते आणि दुसऱ्या यादीत त्याच नावाची फाइल बेवारस दिसते. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच, बाइट मात्र वेगळे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंधही लिहिता येतं आणि ‘र’ला खाली नुक्ता (टिंब) जोडूनही. बॅकअप कधी मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवरून फिरून आला असेल, तर नावं फोडलेल्या रूपात येतात. नेक्स्टक्लाउड जोडलेलं रूपच मानतो, स्कॅनमध्ये अशी फाइल ‘इन्कम्पॅटिबल एन्कोडिंग’ म्हणून बाजूला टाकतो. यावर ‘कॉन्व्हएमव्ही’ हे फाइलींची नावं बदलणारं टूल वापरा, एनएफसी (जोडलेलं रूप) पर्याय देऊन. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं, प्रत्यक्ष बदल वेगळं सांगितल्यावरच करतं. एवढ्यानेच तुमची हरवलेल्यांची यादी बरीच आखडेल.

नावं फार लांब असतील तर तेही बघा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. नवा फोल्डर ईक्रिप्टएफएसने एन्क्रिप्ट केलेला असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते आणि लांब मराठी नावांच्या फाइली रिस्टोअरमध्ये उतरतच नाहीत. त्या बॅकअपमध्ये सुखरूप असतात.

पहिल्या गठ्ठ्यावरही डोळे मिटून विसंबू नका. जुन्या डिस्कवरून ‘डीडीरेस्क्यू’ने (बिघडलेल्या डिस्कवरून डेटा काढणारं टूल) काही काढलं असेल, तर न वाचता आलेल्या जागी शून्यं भरलेली असू शकतात. साइज बरोबर, तारीख बरोबर, आत काही नाही. अशी २ एमबीची पीडीएफ मी हेक्समध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या एडिटरमध्ये) उघडली तेव्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं होती. प्रत्येक पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी होते का, एवढं तपासणारी स्क्रिप्ट लिहा. फाइलकॅशमध्ये चेकसमचा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) कॉलम आहे, पण अपलोड करणाऱ्या क्लायंटने चेकसम पाठवला असेल तरच तो भरतो. जिथे असेल तिथे ताडून पाहा.

मग लॅपटॉपवरच्या प्रतींमधून सापडेल ते त्याच पाथवर, त्याच नावाने परत ठेवा, मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे द्या. रेकॉर्ड अजून असल्यामुळे जुना आयडी टिकतो, शेअरही टिकतात. तरीही उरतील त्या खऱ्या हरवलेल्या. ती यादी नाव, मालक, साइज, तारखेसह वेगळी जपा आणि ज्याच्या त्याला द्या. काय गेलं ते सांगणारा तो एकमेव पुरावा असतो. ऑडिटला आम्हाला तोच कामी आला.

यानंतर मेंटेनन्स मोड चालू असतानाच ‘मेंटेनन्स डेटा-फिंगरप्रिंट’ ही कमांड द्या. सर्व्हर बॅकअपमधून उभा राहिला आहे हे त्यावरून क्लायंटना कळतं. मग मोड काढा (तो लागलेला असताना ‘फाइल्स स्कॅन’ चालतच नाही) आणि स्कॅन आधी एकाच युजरवर चालवा, शक्यतो तुमच्या स्वतःच्या खात्यावर. माउंट (डेटाच्या डिस्कची जोडणी) खरंच लागलाय याची त्याआधी खात्री करा. एक्स्टर्नल स्टोरेजचा माउंट पॉइंट रिकामा राहिला तर स्कॅनला वाटेल की तिथलं सगळंच गेलं.

तिन्ही गठ्ठ्यांचे आकडे इथे टाका. दुसऱ्यात किती पडतात त्यावरून पुढचं सांगता येईल.